नॉर्वेत कमी खर्चात मुक्काम: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने

नॉर्वेचं नाव काढलं की आधी खर्चाची भीती वाटते, आणि ती खरी आहे. शहरातल्या साध्या हॉटेलात दोघांच्या खोलीला उन्हाळ्यात एका रात्रीचे १,३०० ते २,००० क्रोन सहज पडतात. एक क्रोन साधारण आठ-नऊ रुपयांचा धरला, तर आठवड्याभराच्या मुक्कामाचा आकडा बघूनच बरेच जण बेत सोडून देतात.

मला मनापासून सांगायचंय की तो सोडू नका. नॉर्वेची माणसं स्वतः सुटीत कशी राहतात ते बघा. ती डोंगरातल्या लाकडी झोपड्यांत, कॅम्पिंगच्या छोट्या केबिनींत, तंबूत राहतात. या सगळ्या सोयी परदेशी पाहुण्यालाही खुल्या आहेत. अट एवढीच की अंथरूण-पांघरूण स्वतःचं हवं, जेवण स्वतः करायचं आणि निघताना जागा स्वतः झाडून द्यायची. हे तीन जमले की मुक्कामाचा खर्च अर्ध्यावर येतो, कधी त्याहूनही खाली. पुढे सगळं त्याच क्रमाने सांगतो, ज्या क्रमाने तुम्हाला ठरवावं लागेल.

१. आधी महिना ठरवा

मुक्कामाचा दर आणि मुक्कामाचा प्रकार, दोन्ही महिन्यावर ठरतात. तंबू आणि डोंगरातल्या झोपड्यांसाठी जूनअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ. त्याआधी उंचावर बर्फ असतो आणि जेवण देणाऱ्या बऱ्याच झोपड्या बंद असतात. माझं मत विचाराल तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा सगळ्यात चांगला. नॉर्वेतल्या शाळा सुरू झालेल्या असतात, कॅम्पिंगवरची गर्दी ओसरते, रानात ब्लूबेरी पिकलेल्या असतात आणि रात्री थोडा अंधारही पडतो. जूनमध्ये उत्तरेला सूर्य मावळतच नाही. तंबूचं कापड त्याला काय अडवणार! डोळ्यांवरची पट्टी घेतल्याशिवाय झोप लागत नाही.

काही तारखा टाळाव्यात. १७ मे हा राष्ट्रीय दिवस. ऑस्लो आणि बर्गनमध्ये त्या सुमारास जागा मिळत नाही आणि मिळाली तर दुप्पट भावाने. ईस्टरच्या आठवड्यात अर्धा देश स्की घेऊन डोंगरात जातो, झोपड्या भरतात आणि गुरुवारपासून दुकानंही बंद होतात. उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात उलटा हंगाम आहे. तिथे उत्तरध्रुवीय प्रकाश बघायला येणाऱ्यांमुळे हिवाळाच महाग.

एक गोष्ट मात्र पाहुण्यांच्या फायद्याची आहे. जुलैच्या शेवटच्या तीन आठवड्यांत बहुतेक नॉर्वेजियन लोक एकदम रजेवर जातात. ऑस्लोत कामानिमित्त येणारे लोक थांबतात, त्यामुळे ऑफिसच्या भागातली हॉटेलं त्या दिवसांत आणि एरवी शनिवार-रविवारी दर उतरवतात. बर्गनमध्ये ही युक्ती चालत नाही, कारण फ्योर्ड (डोंगरांत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाड्या) बघायला निघालेले सगळे तिथूनच जातात.

२. स्लीपिंग बॅग आणि चादर-पिशवी

विमानाचं तिकीट काढलं की पुढची खरेदी हीच. नॉर्वेत स्वस्त जागेच्या भाड्यात बहुतेक वेळा चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल धरलेले नसतात. वेबसाइटवर ‘सेंगेतोय’ असा शब्द आणि त्यापुढे आकडा दिसला, तर ते चादरी-अभ्र्यांचं वेगळं भाडं. प्रत्येक ठिकाणी माणशी शंभर क्रोनच्या आसपास जातात. दोघांचा आठ-दहा रात्रींचा हिशेब केला, तर तेवढ्यात चांगली स्लीपिंग बॅग येते.

दोन वस्तू घ्या. पहिली, सुती किंवा रेशमी चादरीची शिवलेली पिशवी. तिला तिकडे ‘लाकनपोसे’ म्हणतात. हॉस्टेल आणि डोंगरातल्या झोपड्यांत ती लागतेच, आणि आपल्याकडचा शिंपी जुन्या चादरीची सहज शिवून देतो. दुसरी, तंबूत राहणार असाल तर शून्य अंशाला उबदार राहील अशी स्लीपिंग बॅग. सह्याद्रीच्या ट्रेकला नेतो ती इथे पुरत नाही. उंचावर ऑगस्टमध्येही पहाटे पारा शून्याजवळ जातो. बॅगेवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं ‘कम्फर्ट’ हे बघा. बाकीची कसंबसं तग धरण्याची असतात.

३. शहरातल्या रात्री कमी ठेवा

शहरात स्वस्त म्हणजे तरी किती? हॉस्टेलच्या सामायिक खोलीतली एक खाट साधारण ३५० ते ५०० क्रोन. म्हणजे दोघांचे मिळून आठ-नऊशे होतात, आणि तिथे थांबून विचार करायला हवा. एकट्याला हॉस्टेल स्वस्त पडतं. दोघांना ते कमी दराच्या हॉटेलच्या जवळ जातं. तिघे-चौघे असाल, तर स्वयंपाकघर असलेलं घर किंवा हॉस्टेलचीच कुटुंबासाठीची खोली बघा.

ऑस्लोत हाराल्ड्सहाइम हे जुनं हॉस्टेल शहराच्या वरच्या अंगाला आहे. बर्गनमध्ये मॉन्टाना हे उल्रिकेन डोंगराच्या उतारावर आहे आणि वायएमसीएचं हॉस्टेल अगदी मध्यवस्तीत. अशा जागी सामायिक स्वयंपाकघर असतं, आणि माझ्या लेखी खाटेपेक्षा त्याची किंमत जास्त. बुक करताना ‘किचन’ हा शब्द दिसतो का ते आधी बघा. मग तिथे भांडी आहेत का, तेही बघा. काही ठिकाणी शेगडी असते आणि पातेलं नसतं.

हॉटेलच घ्यायचं असेल, तर सिटीबॉक्ससारखी साखळी आहे. बर्गनमध्ये सुरू झाली, आता इतर शहरांतही आहे. स्वागतकक्षात माणूस जवळपास नसतोच, मशीनवर नाव टाकून स्वतःच चावी-कार्ड घ्यायचं. खोली लहान पण स्वच्छ, स्वतंत्र बाथरूमसह. दुसऱ्या बाजूला, नेहमीच्या नॉर्वेजियन हॉटेलात नाश्ता बहुधा भाड्यातच असतो आणि तो भरगच्च असतो: ब्रेडचे प्रकार, चीज, अंडी, दही, फळं, मासे. दुपारचं जेवण निभावून नेईल असा. त्यामुळे नाश्त्यासह हॉटेल आणि नाश्त्याविना हॉस्टेल यांची तुलना करताना दिवसाचा पूर्ण खर्च मांडा. मात्र नाश्त्याच्या टेबलावरून डबा भरून नेऊ नका. काही ठिकाणी त्यासाठी वेगळे पैसे भरून कागदी पिशवी मिळते, ती घ्यावी.

शहराच्या काठावरही सोय आहे. ऑस्लोत एकेबर्गच्या टेकडीवर कॅम्पिंग आहे, तिथून शहर आणि फ्योर्ड दोन्ही दिसतात. फ्योर्डमधल्या लांगओयेने बेटावर तंबू लावता येतो आणि तिथे जाणारी बोट शहरबसच्याच तिकिटावर चालते. मेट्रोच्या १ नंबरच्या मार्गाने फ्रोग्नरसेटेरेनला उतरलात की नूरमार्का हे जंगल सुरू होतं. तिथून काही तास चालत गेलं की कोबरहाउगहित्ता ही झोपडी येते. राजधानीत राहून डोंगरी झोपडीचा अनुभव घ्यायचा असेल तर याहून सोपी जागा नाही.

शहरात मी तीन रात्रींहून जास्त ठेवू नका असं सांगेन. पैसा तिथेच जातो आणि देश तिथे कमी दिसतो.

४. कॅम्पिंगची केबिन: कुटुंबासाठी पहिली निवड

आईवडील, लहान मुलं बरोबर असतील, तंबूची सवय नसेल, तर हाच प्रकार धरा. ‘कॅम्पिंग’ अशी पाटी असलेल्या जागी तंबू आणि मोटारघरांसोबत लाकडी केबिनींची ओळ असते. यांना ‘हित्ते’ म्हणतात. सगळ्यात साध्या केबिनीत दोन किंवा चार बंक (एकावर एक अशा खाटा), एक टेबल, विजेचा हीटर, दोन चुलींची शेगडी आणि छोटा फ्रिज. पाणी, संडास, न्हाणीघर बाहेर सामायिक इमारतीत. अशी केबिन साधारण ६०० ते १,००० क्रोनला मिळते, आणि हे भाडं माणशी नसून पूर्ण केबिनीचं असतं. चौघांत वाटलं की हॉस्टेलपेक्षा स्वस्त. आत न्हाणीघर असलेल्या केबिनीला जवळजवळ दुप्पट पडतात. मुलं लहान असतील तर ते जास्तीचे पैसे द्यावेत. पावसात मध्यरात्री बाहेर पळणं वयस्कर माणसांनाही जमत नाही.

बुक करताना तीन गोष्टी वाचा: किती खाटा (चार लिहिलंय, पण दोन बंक वर चढायचे असतील), पाणी आत की बाहेर, आणि ‘स्लुटरेन्युरिंग’ म्हणजे शेवटची सफाई कोणाकडे. ती तुमच्याकडे असेल तर झाडू, पोछा, बादली केबिनीतच असते. भांडी धुवा, फ्रिज रिकामा करा, जमीन पुसा, कचरा वर्गवारी करून टाका. अर्ध्या तासाचं काम आहे. न करता निघालात, तर तीन-चारशे ते हजार क्रोनचं बिल कार्डावर येऊ शकतं.

अंघोळीला काही ठिकाणी नाणं टाकावं लागतं: १० किंवा २० क्रोनमध्ये चार-पाच मिनिटं गरम पाणी. नॉर्वेत एरवी सगळं कार्डावर चालतं, तरी या कामासाठी थोडी नाणी जवळ असावीत. व्हिप्स नावाचं तिकडचं पेमेंट ॲप भारतीय बँक खात्यावर चालत नाही, आणि गावाकडच्या काही वाहनतळांवर, बेरी विकणाऱ्या टपऱ्यांवर तेच मागतात.

स्वागतकक्ष रात्री आठ-नऊला बंद होतो. उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करा. बहुतेक जण दाराच्या पेटीत चावी ठेवतात आणि पेटीचा आकडा मेसेजने पाठवतात.

उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर अशाच केबिनीला ‘रोरबू’ म्हणतात. हिवाळ्यात कॉड पकडायला येणाऱ्या कोळ्यांची पाण्यावर खांब रोवून बांधलेली लाल घरं, आणि या घरांची प्रथा १२व्या शतकापर्यंत मागे जाते. नटवलेल्या रोरबू महाग झाल्या आहेत. मुख्य रस्त्यापासून दूरच्या, साध्या, चार-सहा जणांच्या शोधल्या आणि गट करून घेतल्या, तर परवडतात.

५. डोंगरातल्या झोपड्या: जे पाहायला नॉर्वेला जायचं ते इथे आहे

नॉर्वेत मुक्कामाची ही सगळ्यात सुंदर व्यवस्था, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १८६८ साली थॉमस हेफ्टये नावाच्या बँकरच्या पुढाकाराने तिथली पर्यटन संस्था स्थापन झाली. तिला सगळे डीएनटी म्हणतात. आज देशभरात ५५०हून अधिक झोपड्या या संस्थेच्या जाळ्यात आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या सुमारे २२,००० किलोमीटरच्या पायवाटा दगडांवर लाल ‘टी’ रंगवून दाखवलेल्या आहेत. बहुतेक काम स्वयंसेवक करतात.

झोपड्या तीन प्रकारच्या. पहिल्या प्रकारात माणसं असतात, जेवण मिळतं, गरम पाण्याची अंघोळ असते. दुसऱ्यात माणूस नसतो, पण कोठीत सामान असतं: ओट, पास्ता, सूपची पाकिटं, डबाबंद मासे आणि भाज्या, कुरकुरीत कोरडे ब्रेड, चहा-कॉफी. जे घ्याल ते लिहून ठेवायचं आणि पैसे भरायचे. तिसऱ्यात सामानही नसतं. मात्र सरपण, गॅस, भांडी, गाद्या, रजया असतात.

पायऱ्या अशा घ्या:

सदस्य व्हा. संस्थेच्या वेबसाइटवरून परदेशी माणसालाही होता येतं. वर्षाची वर्गणी भरली की झोपड्यांचे दर बरेच उतरतात. चार-पाच रात्री राहणार असाल तर वर्गणी वसूल होते, त्याहून कमी असतील तर कागदावर हिशेब करून बघा. मुलं आणि तरुणांना वर्गणी आणि भाडं दोन्ही कमी.

चावी घ्या. माणूस नसलेल्या बऱ्याच झोपड्यांना एकच ठरावीक चावी लागते, आणि ती अनामत भरून फक्त सदस्यांना मिळते. ऑस्लो, बर्गन अशा शहरांतल्या संस्थेच्या कार्यालयातून पहिल्याच दिवशी घ्यावी. शनिवार-रविवार कार्यालय बंद असेल, याचा विचार विमान निवडतानाच करा. चावी नसताना डोंगरात बंद दारासमोर उभं राहणं धोक्याचं आहे.

झोपडी निवडा. ut.no या संकेतस्थळावर नकाशा, झोपडीचा प्रकार, उघडण्याचा काळ, कुलूप आहे का, पायवाट किती तासांची, सगळं मिळतं. तासांचा आकडा नॉर्वेजियन पायांचा आहे, त्यात निम्मा वेळ वाढवून धरा. पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी फिन्सेचं नाव सुचवतो. ऑस्लो-बर्गन रेल्वेवरचं हे स्टेशन १,२२२ मीटरवर, नॉर्वेच्या रेल्वेतलं सर्वांत उंच. तिथे गाडीरस्ता नाही. आगगाडीतून उतरून थोडंसं चाललं की फिन्सेहित्ता, जिथे माणसंही असतात आणि जेवणही. पुढ्यात हार्डांगरयोकुलेन ही हिमनदी. चावी नको, मोठी चढण नको. चालण्याची सवय असेल तर योटुनहाइमेन या डोंगराळ भागातली येंदेसहाइम ही झोपडी, जिथून बेसेग्गेनच्या धारेची प्रसिद्ध वाट निघते.

आधी बुक करा, पण शक्य नसेल तरी घाबरू नका. चालत, दमून आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायचं नाही ही तिथली जुनी रीत. खाटा भरल्या तर जमिनीवर गादी मिळते.

आत गेल्यावर काय करायचं? बूट दाराशी काढा. वहीत नाव, कुठून आलात आणि उद्या कुठे जाणार ते लिहा. तुम्ही पोचला नाहीत तर शोधणाऱ्यांना ही नोंदच मदत करते. चूल पेटवा, ओढ्यावरून बादलीने पाणी आणा. निघताना भांडी धुवा, राख काढा, सरपण फोडून पुढच्यासाठी चुलीपाशी रचा, खिडक्या-दार नीट लावा. पैसे संस्थेच्या ॲपमधून कार्डाने भरा. बघायला कोणी नसतं, आणि ही व्यवस्था वर्षानुवर्षं अशी विश्वासावरच चालत आली आहे. आपल्या गटातल्या एकाने जरी खाल्लेलं सूप लिहिलं नाही, तर त्याला थांबवून लिहायला लावा. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

एक सूचना. माणूस असलेल्या झोपडीतलं रात्रीचं तीन पदार्थांचं जेवण स्वस्त नसतं. सदस्याची खाट, आपला शिधा आणि बाहेर पेटवलेली छोटी शेगडी असं केलं तर खर्च आवरतो. पण एका रात्री तरी ते जेवण जेवा, लांब टेबलावर अनोळखी लोकांबरोबर बसून. पुढच्या वाटेची खरी माहिती तिथे मिळते. शाकाहारी असाल तर बुक करतानाच कळवा.

हवामानासाठी ‘यर’ हे ॲप सगळा देश वापरतो. डोंगरात जाणाऱ्यांसाठी तिथे नऊ नियम आहेत, आणि त्यातला एक आपल्या ट्रेकर मंडळींनी पाठ करावा असा: वेळीच मागे फिरा, मागे फिरण्यात कमीपणा नाही.

६. फुकटचा मुक्काम: तंबू आणि त्याचे नियम

नॉर्वेत कोणाच्याही मालकीच्या मोकळ्या रानात चालण्याचा, राहण्याचा हक्क सगळ्यांना आहे. प्रथा खूप जुनी, कायदा १९५७ चा. हा हक्क पाहुण्यालाही मिळतो. मात्र नियमांसकट.

तंबू सगळ्यात जवळच्या राहत्या घरापासून किंवा झोपडीपासून किमान १५० मीटर दूर हवा. एका जागी परवानगीशिवाय दोन रात्री. खूप उंच डोंगर किंवा दुर्गम भाग असेल तर जास्त चालतात. शेत, कुरण, अंगण, रोपवाटिका यांत लावता येत नाही. हक्क फक्त मोकळ्या रानाचा. १५ एप्रिल ते १५ सप्टेंबर जंगलात आणि जंगलाजवळ शेकोटी पेटवायला बंदी. आणि हा हक्क पायी, स्कीवर किंवा होडीने जाणाऱ्याचा आहे. गाडी रस्ता सोडून गवतावर घालता येत नाही.

यापलीकडे स्थानिक बंदी असते, आणि नवखा माणूस तिथेच फसतो. लोफोटेनच्या प्रसिद्ध किनाऱ्यांवर इतके तंबू पडायला लागले की बऱ्याच जागी आता मनाई आहे. पाटी दिसली की पुढे जा. ऑस्लोजवळ मारिदाल्सवान्ने हे शहराच्या पिण्याच्या पाण्याचं तळं आहे, त्याच्या काठाला पोहणं, तंबू काहीही चालत नाही. उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांवर तर यातलं काहीच लागू नाही; तिथे ध्रुवीय अस्वलं आहेत.

जागा कशी निवडायची? बस किंवा आगगाडीच्या थांब्यापासून अर्धा-पाऊण तास चालायची तयारी ठेवा. रस्त्यालगतची सपाट जागा सगळ्यांनाच दिसते आणि तीच घाण होते. संध्याकाळी सहापर्यंत जागा पक्की करा. नदीकाठी पाण्याच्या पातळीहून बरंच वर लावा. शौचाला पाण्यापासून आणि वाटेपासून दूर जा, खड्डा खणा, बुजवा, कागद पिशवीत परत आणा. उत्तरेला, विशेषतः फिनमार्कमध्ये, जुलैत डासांचे थवे असतात. जाळी असलेलाच तंबू घ्या.

गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, ना हातात, ना सामानात. नॉर्वेत उतरल्यावर खेळसाहित्याच्या दुकानात किंवा पेट्रोल पंपावर मिळतात. आपला बर्नर कोणत्या आट्यांचा आहे हे माहीत असू द्या. चटई, भांडी, ब्लँकेट तिकडे जाऊन घ्यायचं असेल, तर फ्रेटेक्स या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आधी डोकवा.

दर तिसऱ्या-चौथ्या रात्री पैसे देऊन कॅम्पिंगवर तंबू लावावा. दोनशे-साडेतीनशे क्रोनमध्ये अंघोळ, कपडे धुण्याचं यंत्र, मोबाइल चार्ज करायला जागा आणि पावसात बसायला छप्पर. बर्गनच्या बाजूला वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पाऊस पडतो. ओला तंबू सलग चार दिवस वाहण्याची हौस कोणालाच नसते.

७. एखादी रात्र प्रवासात काढा

ऑस्लोहून बर्गन, ट्रॉन्हाइम आणि स्टावांगरला, तसंच ट्रॉन्हाइमहून बोडोला रात्रीच्या गाड्या आहेत. बसायची जागा लवकर काढली तर स्वस्त मिळते आणि एका खोलीचं भाडं वाचतं. वेळापत्रक एन्टूर या ॲपवर बघा, त्यात देशातली सगळी सार्वजनिक वाहतूक एकत्र आहे. पण ऑस्लो-बर्गनचा प्रवास दिवसाच करा. ती खिडकी झोपून घालवायची नाही. रात्रीची गाडी परतीला किंवा उत्तरेकडे जाताना घ्या.

८. व्हिसाचे कागद आणि तंबूचा बेत

भारतातून जाताना शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) राहण्याची सोय दाखवावी लागते, आणि ‘रानात तंबू’ असं लिहून कागद पूर्ण होत नाही. यावर एजंट खोटी बुकिंग काढून देतात. ती अजिबात घेऊ नका. अर्जात खोटं सापडलं तर नकार येतो आणि तो पुढच्या अर्जालाही चिकटतो.

सरळ मार्ग असा. प्रत्येक रात्रीचा तक्ता करा. शहरातल्या रात्रींना हॉस्टेल किंवा हॉटेल, बाकीच्यांना रद्द करता येणारी कॅम्पिंग केबिन किंवा झोपडीचं बुकिंग. तंबूच्या रात्री त्या केबिनींच्या आसपासच ठेवा म्हणजे बेत खराच राहतो. सोबतच्या पत्रात चालण्याचा मार्ग लिहा, डीएनटीचं सदस्यत्व जोडा. किमान ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतोच. त्यात डोंगरात चालणं धरलंय का ते अटींत वाचा. रद्द करण्याच्या शेवटच्या तारखा त्याच तक्त्यात लिहून ठेवा, नाहीतर व्हिसा येईपर्यंत ती मुदत निघून जाते.

ओळखीचं कोणी ऑस्लो, स्टावांगर किंवा ट्रॉन्हाइमला नोकरीला असेल आणि त्यांच्याकडे चार दिवस राहणार असाल, तर त्यांचं रीतसर निमंत्रणपत्र घ्या.

शेतावर किंवा हॉस्टेलात काही तास काम करा आणि फुकट राहा, अशा जाहिराती दिसतात. पर्यटक व्हिसावर हे चालत नाही. पैसे हातात मिळाले नाहीत तरी राहणं-जेवण हा मोबदलाच धरला जातो.

९. स्वयंपाकघर

राहण्यात वाचवलेलं खाण्यात घालवायचं नसेल तर शिधा घरून न्या. पोहे, रवा, मेतकूट, भाजणी, मूगडाळ-तांदूळ, गोडा मसाला, कोरड्या चटण्या. सगळं बंद पाकिटात, नावाची चिठ्ठी लावून. तूप, खवा, पेढे, बर्फी, पनीर, दूध पावडर मात्र नेऊ नका. युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नॉर्वेत आणायला मनाई आहे आणि विमानतळावर काढून टाकावे लागतात. बटाटेही चालत नाहीत.

बाकी खरेदी रेमा १०००, किवी किंवा एक्स्ट्रा या दुकानांत. किवीत ‘फर्स्ट प्राइस’ असा शिक्का असलेला माल सगळ्यात स्वस्त. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, लहान दुकानंच उघडी आणि तिथे भाव चढे. म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत दोन दिवसांचं घेऊन ठेवा. ऑस्लोत ग्रोनलांड भागात पाकिस्तानी आणि इतर आशियाई दुकानं आहेत. कोथिंबीर, मिरची, आलं, डाळी, पीठ, सगळं तिथे मिळतं आणि भाजी सुपरमार्केटपेक्षा स्वस्त. शहर सोडण्याआधी तिथे एक फेरी मारा. पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

फोडणीबद्दल शेवटची सूचना, कारण ती खरंच महागात पडू शकते. हॉस्टेल आणि केबिनींतले धुराचे सेन्सर फार संवेदनशील असतात. अनेक इमारतींत ते थेट अग्निशमन दलाला जोडलेले असतात, आणि खोट्या बोलावण्याचं बिल पाहुण्याच्या नावावर लागू शकतं. मोहरी-मिरची तडतडवण्याआधी शेगडीवरचा पंखा पूर्ण वेगात लावा, बाहेरची खिडकी उघडा आणि आतल्या बोळाकडचं दार बंद ठेवा, कारण धूर तिकडे गेला की सगळ्या मजल्याचा भोंगा वाजतो. सेन्सरवर पिशवी किंवा टोपी बांधू नका, ते तिकडे फार गंभीर मानतात. सगळ्यात सोपं म्हणजे फोडणी घरीच करून न्या: तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता परतून, थंड करून, घट्ट झाकणाच्या बाटलीत. चेक-इनच्या बॅगेत दुहेरी पिशवीत ठेवा. दोन चमचे गरम खिचडीवर घातले की काम होतं.